सव्वीस नंबरची टीएम

पोकेमॉनच्या पहिल्यावहिल्या खेळात एक कप्तान आहे आणि त्याला बोट लागते. जहाज बंदरात उभं, नांगर टाकलेला, तरी हा आपल्या केबिनमध्ये केराच्या टोपलीपाशी कसनुसा होऊन उभा. आपण जायचं आणि त्याची पाठ चोळून द्यायची. त्याला बरं वाटतं आणि खूश होऊन तो आपल्याला झाड तोडण्याची विद्या बक्षीस देतो. पाठ चोळण्याचा झाड तोडण्याशी काय संबंध, हे विचारायचं नाही. पुढे एका सफारी पार्कचा रखवालदार भेटतो. त्याची सोन्याची कवळी हरवलेली, त्यामुळे तो बोलतो त्यातलं अक्षर कळत नाही. ती शोधून आणून दिली की तो दात बसवतो, स्पष्ट शब्दांत आभार मानतो आणि धोंडे ढकलण्याची ताकद आपल्या हवाली करतो. ज्यांचं स्वतःचंच धड चालत नाही त्यांच्याकडून विद्या घ्यायची, ही गुरुपरंपरा मला पहिल्यापासून आवडली. आपल्याकडेही पोहायला शिकवणारे सर काठावर कोरडे ठणठणीत उभे असतात.

झाड तोडण्याची विद्या मात्र आमच्या मुलुंडात फुकट जायची. इथे साधी फांदी छाटायची तर महापालिकेच्या टी विभागात रीतसर अर्ज लागतो, आणि त्या कामी कोणाची पाठ चोळून चालत नाही.

ज्यांच्या घरात या नादाचं मूल नव्हतं त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. सातोशी ताजिरी नावाच्या जपानी माणसाला लहानपणी किडे गोळा करायचा छंद होता. त्याचं गाव तोक्योच्या कडेचं. तोक्यो वाढत गेलं, शेतं आणि डबकी बुजली, किडे गेले. मोठेपणी त्यानं ती हौस गेम बॉयच्या इवल्याशा पडद्यावर भागवली. मिठागरांच्या कडेनं टॉवर उठताना पाहिलेल्या मुलुंडकराला यातलं काही समजावून सांगावं लागू नये. २७ फेब्रुवारी १९९६ ला 'रेड' आणि 'ग्रीन' ही जोडी जपानात आली. त्यात १५१ प्राणी. ते पकडायचे, पाळायचे, एकमेकांशी झुंजवायचे. प्राणी लढत लढत मोठा होतो आणि वाढत्या वयाबरोबर काही कला आपसूक शिकतो. त्याच्या अंगात नसलेली एखादी कला हवी असेल तर टीएम, म्हणजे टेक्निकल मशीन. पुढच्या खेळांतल्या चित्रांत ती चकतीसारखी दिसते. चकती लावली की शिकला. रियाज नाही, गृहपाठ नाही, 'उद्या येताना वही घेऊन ये' नाही.

पहिल्या खेळात अशा टीएम होत्या ५० आणि त्यांच्या जोडीला ५ एचएम, म्हणजे हिडन मशीन. कोणता प्राणी यातलं काय शिकू शकतो याची नोंद प्रत्येकापुढे सात बाइटांत बसवलेली. सात बाइट म्हणजे ५६ घरं, विद्या ५५, आणि प्रत्येक घरात नुसतं हो किंवा नाही. आमच्या प्रगतिपुस्तकात निदान 'प्रयत्न करतो' असा शेरा तरी असायचा. हे हो-नाही ज्या कोणी भरलं त्याचा त्या दिवशी मूड कसा होता देव जाणे. चारिझार्ड हा पाठीवर भलेमोठे पंख असलेला, आग ओकणारा प्राणी. रेडमध्ये त्याला उडण्याची विद्या शिकवायला जावं तर खेळ म्हणतो, याला जमणार नाही. पुढे १९९८ च्या 'यलो'मध्ये ती चूक दुरुस्त झाली. उलट डोड्रिओ हा तीन डोक्यांचा शहामृगासारखा पक्षी. त्याला पंख औषधालाही नाहीत, आणि हा खुशाल उडायला शिकतो. ऱ्हायडन हा दगडी गेंडा. तो पाण्यावर तरंगतो, वर आपल्याला पाठीवर बसवून नेतो. मॅजिकार्प नावाचा मासा तेव्हा एकही टीएम शिकू शकत नव्हता, आणि म्यू नावाचं एक मांजरासारखं पोर त्या सगळ्या शिकायचं. प्रत्येक वर्गात एक म्यू असतो, त्याच्या आईला आपण ओळखत असतो.

या सगळ्यात खरी गोम वेगळीच आहे. प्राणी केवढाही थोर असो, त्याला कला चारच येतात. पाचवी शिकायची तर आधीची एक टाकायची.

माझ्या भाच्याला त्याच्या न्यू जर्सीच्या काकानं आपल्या मुलाचा वापरलेला डीएस हा हातात मावणारा व्हिडिओगेम दिला होता, सोबत 'डायमंड'ची चिप. हा २००६ चा खेळ, त्यात टीएम ९२ आणि एचएम ८. मे महिन्याच्या दुपारी ताईच्या मुलुंड पूर्वेच्या घरात तो लादीवर पालथा पडलेला असायचा आणि दातांचे ठसे उमटलेल्या काडीनं पडद्यावर टोचत असायचा. एकदा त्यानं मान वर न करता विचारलं, "मामा, लक्सरेला थंडरबोल्ट शिकवायचाय. काय विसरू?"

लक्सरे म्हणजे विजेचा सिंह. त्याला येत होतं ते असं: चावणं, डरकाळी फोडणं, डोळे वटारणं आणि स्पार्क, म्हणजे विजेची एक हलकी चुणूक.

"स्पार्क काढ की. वीजच ती, आता मोठी आली ना?"

"पण स्पार्क त्याचा स्वतःचा आहे. लहान असताना शिकलेला."

"मग डरकाळी काढ. घरात ओरडणारे पुष्कळ आहेत."

यावर आतून ताई काहीतरी म्हणाली, ते ऐकू आलं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं.

खेळही सहजासहजी सोडत नाही. जुनी कला विसरू का, असं विचारतो. नको म्हणालात की लगेच, मग नवी शिकायचीच रद्द करू का? त्यालाही नको म्हणालात की पुन्हा पहिला प्रश्न. शेवटी तुम्ही चारांतल्या एकीवर बोट ठेवता, तो एक, दोन असं मोजतो आणि फुर्र, गेली. डरकाळी गेली. सिंह होता तसाच पडद्यावर उभा.

मला कौतुक वाटलं ते परवानगी मागण्याचं. आमच्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अगदी औटकीपर्यंत पाढे तोंडपाठ होते. साडेतीनाचा पाढा म्हणणारा माणूस मी डोळ्यांनी पाहिलाय, आणि तो भाजीवाल्यासमोर म्हणायचा. पुढच्या दोन पिढ्यांत ते सगळं गेलं, आणि जाताना कोणी विचारलं नाही, औटकी काढून तिथे कॅल्क्युलेटर बसवू का म्हणून. विचारलं असतं तर आम्ही हो म्हणालो असतो हे खरंच, पण तेवढी रीत पाळायला हवी होती. विसरलेलं परत मिळवायची सोयही या खेळांत असते. २००४ च्या 'फायररेड'मध्ये एका बेटावर एक इसम बसलेला असतो. दोन बारक्या किंवा एक मोठी अळंबी दिली की तो तुमच्या प्राण्याला विसरलेली कला आठवून देतो. बदाम खाऊन स्मरणशक्ती वाढते अशी श्रद्धा असलेल्या आमच्या घरात हा व्यवहार सगळ्यांना चटकन पटला.

आपल्याकडे टीएमचा बाजार एप्रिलअखेर भरतो. स्टेशनाबाहेर पूर्वेला पडावं आणि मिठागर रोडनं केळकर कॉलेजच्या दिशेनं चालू लागावं. दर दुसऱ्या खांबावर एकेक विद्या चिकटवलेली असते. अबॅकस, वैदिक गणित, हस्ताक्षर सुधार, फोनिक्स, बुद्धिबळ, कथक, कराटे. पश्चिमेला कालिदास नाट्यमंदिराच्या आवारात तरणतलाव आहे, म्हणजे पाण्यावर तरंगण्याचीही सोय झाली. मध्यंतरी एक कागद मी वाचला, त्यावर दहा दिवसांत रुबिक क्यूब आणि व्यक्तिमत्त्व विकास हे एकाच शुल्कात होतं. कपिल देव रॅपिडेक्सच्या जाहिरातीतून इंग्रजी शिका म्हणून सांगायचा, तेव्हापासून झटपट विद्येवर आपला विश्वास बसलेला आहे, तो काही उठायचं नाव घेत नाही. ताईनंही एका सुट्टीत भाच्याला तीन वर्गांना घातलं होतं. चौथ्याबद्दल बोलणं निघालं तेव्हा त्यानं अत्यंत गंभीरपणे विचारलं, "आई, मग काय विसरू?" ती म्हणाली, "आधी तो डीएस विसर."

थोरांच्याही चकत्या असतात. टायपिंगचं सरकारी प्रमाणपत्र घ्या. मराठी मिनिटाला ३० शब्द आणि इंग्रजी ४०, हे आकडे लिपिकाच्या प्रत्येक जाहिरातीत असतात आणि हजारो मराठी घरांत ते गोत्रासारखे पाठ असतात. एमएस-सीआयटी या संगणकाच्या प्रमाणपत्राचं तसंच. ते देणारी एमकेसीएल २००१ मध्ये स्थापन झाली आणि पुढे गावोगाव ही चकती लागली. त्या प्रमाणपत्रानं कोणी कुठली लढाई जिंकल्याचं मी ऐकलेलं नाही, पण ते नसल्यामुळे वाट अडल्याचं पुष्कळ ऐकलंय. टीएम आणि एचएममधला फरक नेमका हाच आहे. टीएम लढाईसाठी, एचएम रस्त्यासाठी.

टीएमबद्दल आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. सुरुवातीच्या खेळांत ती एकदाच वापरता यायची. वापरली की संपली. बाकीच्या ठीक, पण सव्वीस नंबरच्या टीएममध्ये भूकंप होता. अर्थक्वेक. 'डायमंड'मध्ये ती मिळवायची तर सायकलच्या रस्त्याखाली एक गुहा आहे, तिचं दुसरं दार डोळ्यांना दिसतच नाही, अंदाजानं भिंतीत घुसावं लागतं, आणि आत सायकल मारत शोधावी लागते. एवढ्या कष्टानं मिळालेली चकती वापरायची कोणावर? भाच्यानं ती कोणावरच वापरली नाही. आणखी चांगला प्राणी मिळेल, आणखी कठीण लढाई येईल. खेळातले आठही आखाडे जिंकून झाले, शेवटचे चार महारथी हरले, अजिंक्यपद मिळालं, आणि भूकंप पिशवीत जसाच्या तसा. मी त्याला हसलो नाही. पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलेल्या चादरींवर पाहुण्यांना झोपवायलाही ज्या घरात जीव कचरतो, त्या घरातलंच हे मूल.

पुढे कंपनीला बहुधा पोरांची दया आली. २०१० च्या 'ब्लॅक' आणि 'व्हाइट'पासून टीएम हवी तितक्यांदा वापरा असं झालं. सोय झाली, पण पिशवी उघडून नुसतं तिच्याकडे बघत बसायचं कारण गेलं. २०२२ च्या 'स्कार्लेट' आणि 'व्हायलेट'मध्ये पुन्हा एकदा वापरली की संपली, मात्र नवी घडवता येते: हरलेल्या प्राण्यांचे केस, पिसं, काय काय गोळा करून यंत्रात घालायचं. म्हणजे ताजिरींची गोळा करायची हौस फिरून फिरून किड्यांवरून केसांवर आली.

मुलुंडच्या रस्त्यावर टीएम आली ती पोकेमॉन गोमुळे. हा फोनवरचा खेळ भारतात १४ डिसेंबर २०१६ ला रीतसर सुरू झाला, रिलायन्स जिओच्या साथीनं, आणि रिलायन्सची दुकानं खेळातले थांबे झाली. खटपटी पोरं त्याआधीपासूनच खेळत होती. नोटाबंदीला महिना उलटून गेला होता, आणि अर्धं मुलुंड तसंही हातात फोन घेऊन एटीएमच्या रांगेत उभं होतंच, त्यामुळे कोण पैशांसाठी उभं आहे आणि कोण पिकाचूसाठी हे बाहेरून ओळखू यायचं नाही. २०१७ च्या जूनमध्ये या खेळात एकत्र जमून मोठ्या प्राण्याशी लढायच्या मोहिमा आल्या आणि बक्षिसात टीएम मिळू लागल्या. मात्र इथली टीएम लहरी. काय काढायचं ते ठाऊक असतं, बदल्यात काय येईल ते तिच्या मनावर. पाच रस्त्याजवळ एका संध्याकाळी भाच्याच्या टोळक्यात बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, एका हातात दोन फोन आणि दुसऱ्यात भाजीची पिशवी. त्यांनी माझ्यादेखत टीएम लावली, पडद्यावर पाहिलं आणि म्हणाले, "घ्या! होती ती बरी होती." मग दुसरी लावली. ही काय देते ते बघायला चार पोरं त्यांच्या खांद्यावरून वाकली. पहिलीच परत आली. पालकाची जुडी सरळ करत ते म्हणाले, "बदलीचा अर्ज असाच असतो. निवडीची सोय आली तेव्हा आम्ही रिटायर." निवडून घेता येणारी खास टीएम २०२० मध्ये आली, तेव्हा त्यांची आठवण झाली.

राहिल्या एचएम. वाट अडवणारं झाड तोडणं, धोंडा ढकलणं, पाण्यावरून नेणं, धबधबा चढणं, कडा चढणं. यांचं वैशिष्ट्य असं की एकदा शिकवली की विसरता येत नाही. त्यालाही कारण आहे: तरंगत एखाद्या बेटावर गेलात आणि तिथे तरंगणंच विसरलात तर बसा तिथेच. विसरायचंच असेल तर त्यासाठी एका गावात एक खास माणूस नेमलेला असतो, त्याच्याकडे जावं लागतं. पण झाड तोडण्याची विद्या लढाईत अगदीच फुसकी. ती आपल्या लाडक्या सिंहाच्या चार जागांपैकी एकीवर कोण ठेवील? म्हणून मग सगळे खेळाडू तीच युक्ती करतात. एक गरीब प्राणी घ्यायचा आणि सगळी रस्त्याची कामं त्याच्यावर घालायची. 'डायमंड'मध्ये हे काम बिडूफचं. खेळ सुरू झाल्यावर पहिल्याच गवतात भेटतो. गोल, तपकिरी, पुढचे दोन दात बाहेर, चेहऱ्यावर कशाचंच काही वाटत नसल्याचा भाव. मोठा झाला की त्याचा बीबॅरल होतो, आणि मग तो कापतो, ढकलतो, फोडतो, तरंगतो, धबधबा चढतो, कडा चढतो. चारच जागा असल्यामुळे यातलं सगळं एका वेळी मावत नाही, एवढीच अडचण.

भाच्याच्या बीबॅरलच्या चारही जागा अशाच भरलेल्या होत्या, त्याचं स्वतःचं म्हणावं असं एकही नाही. पण त्याला घरी ठेवता येत नसे. देखणे, दणकट प्राणी पाळीपाळीनं साठवणीच्या पेटीत जायचे, हा कायम बरोबर. सगळा नकाशा फिरला असेल तर यानंच. शेवटच्या गुहेतले धोंडेही यानं ढकलले. आणि महारथींच्या वाड्यासमोर पोचल्यावर भाच्यानं काय केलं, तर दवाखान्यातल्या संगणकावर जाऊन बीबॅरलला पेटीत टाकलं आणि त्याच्या जागी एक ड्रॅगन घेतला. सगळे तसंच करतात. अजिंक्यवीरांच्या फोटोत ड्रॅगन आहे.

हे मला फार ओळखीचं वाटलं, कारण ताई आत पोळ्या लाटत होती. आमच्या सगळ्या गोतावळ्यात तत्काळचं तिकीट ताई काढते, एसीचं दहाला आणि साधं अकराला, दोन्ही वेळा तिच्या तोंडून घड्याळासारख्या येतात. नोव्हेंबरात चार म्हाताऱ्यांचे हयातीचे दाखले तिच्या पर्समध्ये असतात. पाइपच्या गॅसचं रीडिंग, पासबुक भरून आणणं, आधारवरचा पत्ता, कोणाच्या तरी मुलाच्या नावातलं चुकलेले वेलांटी-उकार. लग्नाच्या फोटोत ती सापडत नाही, कारण तेव्हा ती हॉलच्या मॅनेजरकडे डिपॉझिट मागत असते. एकदा भाच्यानं तिचं ओझं हलकं करायचं म्हणून दोन फॉर्म परस्पर भरले. रात्री तिनं ते उघडून पाहिले, एक खूण बदलली आणि पुन्हा सबमिट केले. ती खूण बदलायची गरज होती का, हे आम्ही कोणी विचारलं नाही.

२०१६ च्या 'सन' आणि 'मून'मध्ये एचएम बंदच झाल्या. आता डोंगर चढायला, पाणी ओलांडायला सवारीचे प्राणी आहेत, बोलावले की हजर, कोणाच्या जागा अडवत नाहीत. बिडूफचं कामच गेलं. आणि काम गेल्यावर लोकांना तो आवडायला लागला: १ जुलै २०२१ ला त्याच्या नावानं चक्क एक दिवस साजरा झाला. ताईच्या कामांनाही आता ॲप निघालेत. तरी ओटीपी आला की लोक तो वाचून दाखवायला तिलाच फोन करतात.

भाचा आता कॉलेजात आहे. मध्यंतरी जेवताना बिडूफची ही सगळी कहाणी त्यानं आईला सांगितली. आपल्याला कोणाच्या ओळीत बसवलंय हे तिला कळेल म्हणून मी आमटीच्या वाटीत पाहत होतो. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे वाड्यात त्याला नेत नाहीत. मग लढाई झाल्यावर परतीची वाट कोण काढतं?"

"परत यावंच लागत नाही गं आई. जिंकलं की खेळ आपोआप घरी आणून सोडतो."

"आपोआप," ताई म्हणाली. "बरं. मग आपोआप उठ आणि सोसायटीच्या मीटिंगची नोटीस खाली बोर्डावर लावून ये. टाचण्या फ्रिजवर आहेत. आणि मागच्या वेळेसारखी उलटी लावू नकोस."